हवेला दोन वाटा हव्यात

2012 साली वडिलांना फुप्फुसाचा क्षय झाला, तेव्हा डॉक्टरांनी औषधांबरोबर आणखी एक गोष्ट बजावली, ‘‘खोलीत हवा खेळती ठेवा.’’ कारखान्यांतल्या हवेचे आराखडे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तरी घरात मी पहिल्याच दिवशी चुकलो. खिडकी उघडली, छताचा पंखा लावला आणि दार घट्ट लावून घेतलं.

संध्याकाळी आईनं उदबत्ती लावली आणि चूक लक्षात आली. धूर खोलीतच गरगरत होता. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी. नुसतं दार उघडून भागलं नसतं. वारा खिडकीतून आत शिरून खोलीतली हवा थेट मुलांच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत गेली असती.

मग मी टेबलपंखा खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवला. दार किलकिलं केलं, बैठकीच्या खोलीची खिडकी उघडली. पुन्हा उदबत्ती दारापाशी धरली. धूर सरळ रेषेत खिडकीबाहेर! हवा आता आमच्याकडून वडिलांकडे आणि तिथून बाहेर जात होती. खाट खिडकीशी सरकवली. आम्ही दाराच्या बाजूला बसू लागलो.

पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत ती तासाला सुमारे 12 वेळा बदलत होती. नुसती दारं-खिडक्या उघडलेल्या खोल्यांत सुमारे 28 वेळा. त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती सरस ठरल्या. आपल्याकडे धाब्याच्या घराला सवणं असायचं, तेही यासाठीच. गरम हवा वर चढते, धुराला घेऊन जाते.

श्रोतेहो, खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावलंत, तर एवढं ध्यानात ठेवा : भिंतीवरचं नेहमीचं यंत्र तीच हवा थंड करून परत देतं. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा शेजारचीच खिडकी उघडून लावला, तर तिथूनच हवा ओढतो. शेगडीवरचा धूर तसाच राहतो. समोरची खिडकी उघडा.

वडील बरे झाले. घरात दुसऱ्या कुणाला क्षय झाला नाही. मोठं श्रेय औषधांचं. थोडं त्या टेबलपंख्याचंही असावं. आज घरी गेलात की एक उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते पाहा.