स्काऊट-गाईडचा गणवेश: नियम मुलांच्या आधी सर-मॅडमना

मागच्या जूनमधली गोष्ट. विष्णुपुरीत आमच्या गल्लीतली एक खाला संध्याकाळी घरी आली. मुलगी सातवीत, शाळेच्या गाईड पथकात नुकतंच नाव लागलेलं. खाला दारातूनच म्हणाली, "सर, तुमच्या ओळखीने तिचं नाव काढायला सांगा. स्कर्ट पहनना पडता बोलते."

मी स्वतः शिक्षक आहे, स्काऊटमास्टरचं कामही केलंय. मी सांगितलं की गाईडला सलवार-कमीज आणि ओढणी चालते, नियमातच आहे. तिला काही पटेना. मग ती जे बोलली त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "चालतं तर मग पोरींना दिसलं का नाही? त्यांच्या मॅडम तर साध्या साडीतच येतात."

खरं सांगायचं तर मुद्दा इथेच आहे. स्काऊट-गाईडची नियमपुस्तिका कुणी पालक वाचत नाही. पालकांना आणि मुलांना दिसतात ते सर आणि मॅडम. त्या मॅडम गाईड कॅप्टनच्या पूर्ण गणवेशात, सलवार-कमीजमध्ये मैदानावर उभ्या असत्या, तर खालाला माझ्या दारात यावंच लागलं नसतं.

आधी गणवेश काय असतो ते बघू. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेत स्काऊट मुलांना स्टील ग्रे रंगाचा शर्ट, गडद निळी पँट, डोक्यावर गडद निळी बेरेट टोपी, गळ्यात पथकाच्या रंगाचा स्कार्फ आणि तो अडकवायला वॉगल. गाईड मुलींना आकाशी कमीज, गडद निळी सलवार आणि ओढणी घेता येते. स्कर्ट हा एक पर्याय आहे, सक्ती नाही. मोठ्यांनाही गणवेश आहे, हेच बहुतेकांच्या लक्षात नसतं. स्काऊटमास्टरने त्याच रंगात यायचं, गाईड कॅप्टनने ठरलेल्या साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये. मुलांच्या गळ्यात स्कार्फ असेल तर सरांच्याही गळ्यात हवा.

मग सर तो घालत का नाहीत? त्यांची बाजूही ऐकायला हवी. पुस्तकात हे काम स्वयंसेवेचं आहे, त्याचा वेगळा पगार नाही. आपल्याकडे मात्र मुख्याध्यापकांचा आदेश निघतो, "यंदा स्काऊट तुमच्याकडे", आणि माणूस सात दिवसांच्या बेसिक कोर्सला जातो. तिथे गणवेश लागतो म्हणून घाईघाईने शिवून घेतो. कोर्स झाला की तो कपाटात जातो आणि २६ जानेवारीला बाहेर येतो. तोवर शर्टाची बटणं लागत नाहीत! (हा अनुभव माझाही आहे, लपवत नाही.) स्वतः मनाने हात वर केलेला माणूस आणि आदेशाने नेमलेला माणूस यांच्या गणवेशात फरक पडतोच.

१५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट इन केलेला. महिलांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. जीन्स आणि टी-शर्ट नको, वगैरे. त्यावर स्टाफरूममध्ये बरीच गरमागरमी झाली. त्याच निर्णयात एक ओळ अशी होती की स्काऊट-गाईडच्या शिक्षकांना स्काऊट-गाईडचाच ड्रेस राहील. तिच्यावर कुणी बोललंच नाही. रोज तो घालून गणित शिकवायचं की काय, असं एक जण हसत म्हणाला तेवढंच. माझं मत असं की रोज नको, पण ज्या दिवशी पथकाचा तास आहे त्या दिवशी सवलत नको.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला. २०२४-२५ मध्ये सरकारी योजनेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेश ठरले, एक नेहमीचा आणि एक स्काऊट-गाईडला अनुरूप. शिलाई महिला बचत गटांकडे दिली. अनेक शाळांत १५ ऑगस्ट उलटून गेला तरी कपडे आले नाहीत, आले ते मापात बसेनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचं काम पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिलाईच्या तक्रारी पेपरात आल्या. मला खटकलं ते वेगळंच. ज्या मुलांनी कधी स्काऊटचं वचन घेतलं नाही, त्यांच्या अंगावर तो रंग आला. एरवी मूल आधी प्रवेशाचा अभ्यासक्रम करतं, ध्वज, प्रार्थना, नियम शिकतं, मग दीक्षा विधीत वचन घेऊन गणवेशाचं खरं हक्कदार होतं.

हक्काचा हा हिशोब मोठ्यांनाही लागू आहे. काही सरांच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी दिसतात. ती हौस नाही. तो वुड बॅज. इंग्लंडमध्ये गिलवेल पार्क इथे १९१९ मध्ये स्काऊटमास्टरांचं पहिलं शिबिर झालं तेव्हापासूनची ही रीत. आपल्याकडे तो हिमालय वुड बॅज म्हणून मिळतो, बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या पुढची पायरी पार केल्यावर. न कमावलेले बिल्ले लावून मिरवणारी माणसं मी मेळाव्यात पाहिली आहेत. मुलाने तृतीय सोपान न करता राज्य पुरस्काराचा बिल्ला लावला तर आपण कान धरतो ना?

आता आपल्या घरांतला खरा प्रश्न. शिस्त म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात कोंबणं, अशी भीती अनेक अम्मी-अब्बांना वाटते. नांदेडच्या माणसाने ती बाळगायचं कारण नाही. हुजूर साहिबच्या या गावात पगडी घातलेला शीख स्काऊट आपण सगळ्यांनी पाहिलाय. नियमात बेरेटच्या जागी शिखांना पगडी आहे. ती घातल्याने त्याचा गणवेश अर्धा ठरत नाही, पूर्णच ठरतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली तिथल्या स्काऊट संघटनेने मुस्लिम मुलींसाठी गुडघ्यापर्यंतचा सैलसर ड्रेस आणि डोकं झाकणारी हुडी असा वेगळा पर्याय आणला.

इतिहासही हेच सांगतो. १९०९ मध्ये स्काऊटिंग हिंदुस्थानात आलं ते फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दारं बंद, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासमध्ये वेगळी संघटना काढली आणि साहेबी हॅट काढून पोरांच्या डोक्यावर फेटा ठेवला. पुढे वेगवेगळ्या संघटना झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या एकत्र आणण्यासाठी पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद आणि हृदयनाथ कुंझरू यांनी प्रयत्न केले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स उभी राहिली. पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. म्हणजे आज ज्या गणवेशाला आपण परका समजतो, त्याच्या मागे मौलाना आझादांचाही हात आहे.

डोक्यावरच्या स्कार्फबद्दल माझा सल्ला साधा आहे. भांडण मैदानावर काढू नका. गणवेशाच्या गडद निळ्या रंगाचा, नीट पिन केलेला स्कार्फ घ्या आणि मेळाव्याच्या आधीच शाळेमार्फत जिल्हा संघटकांशी बोलून ठेवा. हिरवा, गुलाबी, चमकीवाला असे तीन मुलींचे तीन रंग आले की मग समोरचा अडून बसतो, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही.

खर्चाचं म्हणाल तर कापड एका मापाने घेऊन मोहल्ल्यातल्या शिंप्याकडे एकत्र शिवलं की स्वस्त पडतं. मुलांचा "खरी कमाई" उपक्रम असतो, त्यात कष्टाने मिळवलेल्या पैशातून एखाद्या गरीब पोराचा गणवेश झाला तर त्याहून चांगला उपयोग कोणता? जुन्या मुलांचे शर्ट नव्यांना द्यायला लाज नको. आणि पालक सभेत फक्त मुलांच्या गैरहजेरीचं ऐकून येऊ नका. अदबीनेच, पण विचारा: पथकाचे सर कोण, त्यांचा बेसिक कोर्स झालाय का, ते गणवेशात येतात का.

खालाच्या मुलीचं नाव पथकात राहिलं. आकाशी कमीज तिच्या नानीने शिवली, मापाला जरा सैल, दोन वर्षं पुरावी म्हणून. मॅडमनीही कापड घेतलंय असं कळलं. ते अजून शिंप्याकडेच आहे.