चाव्या कोणाच्या हाती?

२०१७च्या जूनअखेरीस न्हावा शेवा बंदरातलं ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कुठे ठेवलाय, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली होती. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचं. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रामने या समूहाची जगभरातली यंत्रणा आडवी केली आणि त्याचा फटका उरण तालुक्यातल्या या बंदरापर्यंत पोचला.

संगणक आणि सर्व्हर सांभाळायला शिकू पाहणाऱ्याने या घटनेचा बारकाईने अभ्यास करावा. सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनचे जवळजवळ सगळे मूळ धडे तिच्यात आहेत.

नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पुढे त्याने दोन वाटा वापरल्या. पहिली वाट म्हणजे विंडोजमधली एक त्रुटी. ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य संगणकांवर तो बसवलेला नव्हता. दुसरी वाट जास्त धोक्याची. संगणकाच्या मेमरीत उरलेले पासवर्ड हा प्रोग्राम उचलत असे. एखाद्या ॲडमिनने त्या संगणकावर लॉगिन केलेलं असेल, तर त्याचे अधिकार आयतेच हाती लागत. मग शेजारचा संगणक पूर्ण अपडेट केलेला असला तरी काही उपयोग नव्हता. चावी खरी, म्हणून दार उघडलं.

म्हणूनच पहिला धडा अधिकारांचा. रोजचं ईमेल, ब्राउझिंग, टायपिंग साध्या खात्यातून करायचं. ॲडमिनचं खातं वेगळं ठेवायचं आणि ते लागेल तेवढ्यापुरतंच वापरायचं. आपल्याकडच्या कित्येक लहान ऑफिसांत प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या संगणकाचा ॲडमिन असतो, कारण ‘प्रिंटर बसवताना सारखा पासवर्ड मागतो’. ही सोय फार महागात पडू शकते.

लिनक्समध्ये हा हिशेब उघड दिसतो. प्रत्येक फाइलचा एक मालक, एक गट आणि उरलेले सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; तिघांसाठी यांच्या बेरजेचा एकेक अंक. एखाद्या फाइलला ६४० अधिकार दिले, तर मालक वाचू-लिहू शकतो, गट फक्त वाचतो, इतरांना काहीच करता येत नाही. नवशिक्याचं काही अडलं की कोणीतरी हमखास सुचवतं, ‘७७७ देऊन टाक’. काम होतं खरं, पण त्या सर्व्हरवर खातं असलेला कोणीही ती फाइल बदलू शकतो. ही सवय पहिल्याच दिवशी मोडायला हवी.

डेस्कटॉप आणि सर्व्हर यांत फरक आहे तो जबाबदारीचा. डेस्कटॉप भर दुपारी रीस्टार्ट केला तर एका माणसाचं काम थांबतं, सर्व्हर केला तर सगळ्या ऑफिसचं. सर्व्हरसमोर बहुधा कोणी बसलेलं नसतं. अनेकदा त्याला पडदाही नसतो, एसएसएचने दुरूनच आज्ञा द्याव्या लागतात. त्यामुळे सर्व्हरचे अपडेट आधी चाचणीच्या मशीनवर तपासायचे आणि मग गर्दी नसलेल्या वेळी बसवायचे. लांबणीवर मात्र टाकायचे नाहीत.

सरावाला वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. संगणकाच्या आतच दुसरा, आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स साध्या लॅपटॉपवर मोफत चालतं, त्यात उबुंटू सर्व्हर बसवता येतो. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांसाठी देते. आधी स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे आभासी संगणकाची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवावी, आणि मग हवं ते बिघडवून पाहावं. डिस्क मुद्दाम भरावी, उदाहरणार्थ. ‘डीएफ’ ही आज्ञा १०० टक्के दाखवते, शोध घेतल्यावर एक अवाढव्य लॉग फाइल सापडते, ती पुसली जाते, तरी जागा मोकळी होत नाही! कारण ज्या सेवेने ती फाइल उघडून ठेवली आहे, ती चालूच असते. सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की प्रोसेस आणि फाइल यांचं नातं कायमचं डोक्यात बसतं.

आता बॅकअप. मर्स्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याचा बॅकअप मानला जाई. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हा विचार त्या रचनेत नव्हता. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी लिहिल्याप्रमाणे, शेवटी घानातला एकच कंट्रोलर शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! नेट इतकं संथ की दुरुस्तीचं काम चाललेल्या इंग्लंडला डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून घानाचा माणूस नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने हार्ड डिस्क सहकाऱ्याच्या हाती दिली आणि ती इंग्लंडला पोचली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितलं की १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

दोन यंत्रांवर आपोआप सारखा होत राहणारा डेटा म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी आणि ती परत आणून पाहिलेली हवी. शिकाऊ ॲडमिनने हे आपल्या व्हर्च्युअल सर्व्हरवर करून बघावं. एका वापरकर्त्याचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवायची, मूळ फोल्डर पुसायचं, घड्याळ लावून परत आणायचं. फाइल आल्या, पण मालक बदलला का? अधिकार तसेच आहेत का? आणि त्या वापरकर्त्याला लॉगिन करून काम सुरू करता येतं का?