जुन्या संगणक मॉनिटरमधील चित्रदोष : लक्षणे, कारणे व तपासणीचा क्रम

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. जिल्ह्याच्या पहिल्या दशकात संगणकासोबत येणारा मॉनिटर बहुधा पिक्चर ट्यूबचा असे. आता त्याची जागा सपाट पडद्याने घेतली आहे. तथापि, जुन्या उपकरणाला जोडलेला किंवा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असलेला असा मॉनिटर कोठे शिल्लक असल्यास त्याच्या निर्लेखनापूर्वी तो खरोखरच निकामी आहे काय, हे ठरवावे लागते. हा निर्णय अंदाजाने घेतल्यास चांगली वस्तू भंगारात जाते. उत्साहाने पेटी उघडल्यास जिवाला धोका संभवतो. म्हणून दोषाचे निदान पडद्यावरील लक्षणावरून व बाहेरून आत या क्रमाने करणे आवश्यक ठरते.

चित्र कसे उमटते :
जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये विकसित केलेली कॅथोड किरण नलिका हा या मॉनिटरचा पाया होय. नलिकेच्या मानेतून निघालेले तीन इलेक्ट्रॉन झोत वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने आडवे व उभे वळविले जातात. सूक्ष्म छिद्रांच्या पत्र्यातून जाऊन ते लाल, हिरव्या व निळ्या प्रस्फुरकांवर आदळतात. चित्र चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असल्यामुळेच बाहेरील चुंबकत्व त्यास बिघडवू शकते.

बाह्य कारणे व त्यांची तपासणी :
१) एक रंग नाहीसा होणे : निळा रंग गेल्यास पांढरा भाग पिवळा, लाल गेल्यास निळसर हिरवा, तर हिरवा गेल्यास जांभळट गुलाबी दिसतो. अशा वेळी प्रथम पंधरा पिनांचा व्हीजीए जोड पाहावा. पिन वाकलेली असू शकते. अनेक केबलमध्ये नववी पिन मुळातच नसते. तो दोष मानू नये. यानंतर केबल काढून मॉनिटर चालू ठेवावा. बहुतेक मॉनिटर अशा वेळी ‘सिग्नल नाही’ असा संदेश स्वतःच दाखवितात. त्या संदेशातील रंग शुद्ध असल्यास दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधावा.

२) कोपऱ्यात रंगीत डाग : ध्वनिवर्धक जवळ ठेवल्याने किंवा मॉनिटरची दिशा बदलल्याने छिद्रयुक्त पत्रा चुंबकित होतो. चुंबकीय वस्तू दूर करून डिगॉस कळ एकदा दाबावी. ती लगेच पुन्हा दाबल्यास परिणाम क्षीण होतो. सुमारे अर्धा तास थांबावे.

३) चित्र थरथरणे : भारनियमनाच्या काळात यूपीएस व स्टॅबिलायझर ही प्रयोगशाळेची गरज बनली; जागेअभावी ती मॉनिटरलगत ठेवण्याची सवयही पडली. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते. पडदा सेकंदाला ६० वेळा उजळत असल्यास ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रामुळे चित्र दोहोंच्या फरकाने, म्हणजे सेकंदाला १० वेळा, डोलते. उपकरण दोन-तीन फूट दूर सरकविल्यास डोलणे थांबते. मॉनिटर मात्र निर्दोष असतो.

४) चित्र न येणे किंवा फाटणे : संगणकात निवडलेली वारंवारता मॉनिटरच्या मर्यादेबाहेर असल्यास असे घडते. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती कमी करावी.

शेवटी, संशयित मॉनिटर चांगल्या संगणकाला व चांगला मॉनिटर संशयित संगणकाला जोडून पाहावा. या अदलाबदलीइतकी विश्वसनीय कसोटी दुसरी नाही.

अंतर्गत दोषांची लक्षणे :
पडद्यावर केवळ एक तेजस्वी आडवी रेषा दिसल्यास उभ्या विक्षेपणाचा विभाग बंद पडलेला असतो. प्रस्फुरक जळू नये म्हणून मॉनिटर त्वरित बंद करावा. प्रकाशमान वाढविताच चित्र फुगून पुसट होत असल्यास उच्च विद्युतदाबाचे नियमन ढासळलेले असते. चित्र मधूनच जाऊन येणे हे बहुधा सोल्डरचा जोड तडकल्याचे चिन्ह होय. हे दोष तंत्रज्ञ दुरुस्त करू शकतो. परंतु चित्र उमटण्यास फार वेळ लागणे व पूर्ण प्रकाशमानातही ते मंद राहणे, हे कॅथोड झिजल्याचे लक्षण असून तेथे नलिकेचे आयुष्यच संपत आलेले असते.

सुरक्षितता व विल्हेवाट :
रंगीत नलिकेस सुमारे २० ते २५ हजार व्होल्टचा दाब दिला जातो व प्लग काढल्यानंतरही तिच्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे प्राध्यापक किंवा प्रयोगशाळा परिचराने पेटी कदापि उघडू नये. नलिकेच्या काचेत शिसे असते. ती फोडणे किंवा उघड्यावर टाकणे घातक आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या चौकटीत तिची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपविणे उचित ठरते.

निष्कर्ष :
पडद्यावर दिसणारा प्रत्येक दोष मॉनिटरचा नसतो. केबल, मांडणी, वारंवारता व अदलाबदल या चार तपासण्या झाल्याशिवाय निर्लेखनाच्या प्रस्तावावर ‘निकामी’ असा शेरा देऊ नये. या तपासण्यांचे निष्कर्ष प्रस्तावासोबत नोंदविल्यास निर्णयास आधार लाभेल.