ऊसतोडीला निघालेल्या मुलांची शाळा आणि भाषा



दिवाळी झाली की कनेरगाव नाक्यापासून कळमनुरीपर्यंत, हिंगोली जिल्ह्यातल्या अनेक वाड्या-तांड्यांवरील घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली आंध व बंजारा कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. शाळा जूनमध्ये सुरू होते. म्हणजे लेकराचे निम्मे वर्ष फडावरच जाते.

नुकसान फक्त हजेरीचे नाही, भाषेचेही आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. आईला 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी'. पहिलीत आल्यावर ते मराठी शिकू लागते. अक्षरे जुळू लागतात तोच गाव सुटते. कर्नाटकातल्या कन्नड शाळेत लिपीही वेगळी. तिथे 'तायी' म्हणजे आई. आपल्या मुलाला ती मोठी बहीण वाटते! असे मूल गप्प बसते आणि लोक त्याला 'ढ' समजतात. खरे तर ते तिसरी भाषा ऐकत असते.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. स्थलांतरित मुलांना प्रवेश देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही. शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असेही हा कायदा सांगतो. पण मराठी मुलासाठी कन्नड गावात हे 'शक्यतो' फार लांबचे ठरते.

म्हणून मूल गावीच राहणे सर्वांत चांगले. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-वडील परत येईपर्यंत मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय त्यातून होते. मागणी मात्र कुटुंबे निघण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीकडे पोचायला हवी. ज्यांना जावेच लागते, त्यांनी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे. ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते.

आपणही हातभार लावू शकतो. दसऱ्याच्या सुमारास ओळखीच्या कुटुंबांना एवढेच विचारा: मूल कोणाजवळ राहणार? पत्रक घेतले का? पिशवीत मराठीचे पुस्तक आहे का? फडावर रोज एक पान मोठ्याने वाचले, तरी परतलेल्या मुलाला पुन्हा अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागणार नाही.