पुलापलीकडची युनियन

क्वीन्स प्लाझाहून सुटणारी क्यू-100 बस निम्म्या वाटेपर्यंत चारचौघींसारखीच असते. दप्तरं, किराण्याच्या पिशव्या, फोनवर चढ्या आवाजात चाललेले संसार. ॲस्टोरियात ही मंडळी उतरून जातात. मग मागे राहतात त्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात मुलाला, नवऱ्याला भेटायला निघालेल्या बायका, आणि कामावर निघालेले एखाद-दोन तुरुंगरक्षक. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. हेझन स्ट्रीटच्या टोकाला पूल सुरू होतो, तिथल्या पाटीवर लिहिलंय की हे 'न्यू यॉर्क्स बोल्डेस्ट'चं घर आहे. या शहरात पोलिसांना 'फायनेस्ट', अग्निशमनवाल्यांना 'ब्रेव्हेस्ट' आणि कचरा उचलणाऱ्यांना 'स्ट्राँगेस्ट' म्हणतात. तुरुंगरक्षकांच्या वाट्याला 'बोल्डेस्ट' आलं. हा पूल 1966 साली झाला, त्याआधी येजा बोटीनं चाले. बेटावर जायला रस्ता आजही हा एकच, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे कामाला येणार आहे.

आत काय चालतं ते मला कळलं ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त रक्षकाकडून. वीस वर्षं नोकरी, आता पेन्शन, दिवसभर दारातल्या खुर्चीवर बैठक. त्यानं सांगितलेलं काम ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक बराकीत दोन जागा. 'ए पोस्ट'वरचा रक्षक काचेच्या खोलीत बसतो. दारं उघडणारी बटणं, चाव्या आणि नोंदवही त्याच्या ताब्यात. 'बी पोस्ट'वरचा बाहेर, थेट कैद्यांमध्ये. पन्नासेक माणसं आणि हा एकटा. पिस्तूल नाही, आत ते कुणाकडेच नसतं. कमरेला मिरपुडीचा फवारा आणि मदत मागवायचं यंत्र, एवढंच. पाळी सुरू झाली की डोकी मोजायची, वेळ घालून नोंदवहीत लिहायची, फेऱ्या मारायच्या, पुन्हा लिहायचं. फोन कोणी किती वेळ वापरायचा, टीव्हीवर काय लागायचं, यावरून मारामाऱ्या होतात. त्यात इथले बहुतेक जण कच्चे कैदी. खटला कधी उभा राहील याचा पत्ता नाही, जामिनाला पैसे नाहीत. अशा माणसाला धाक तरी कशाचा दाखवणार?

पण त्याचा खरा राग होता 'ट्रिपल'वर. सात ते तीनची पाळी संपली की निरोप यायचा, बदली माणूस आलेला नाही, थांबा. तीन ते अकरा होते. पुन्हा तोच निरोप. लागोपाठ तीन पाळ्या म्हणजे चोवीस तास बी पोस्टवर. "सतराव्या तासाला कैदी काय बोलतोय ते ऐकू येतं, पण कळत नाही," तो म्हणाला. याच चोवीस तासांत हात उठतात, आणि याच चोवीस तासांत कोणी गळफास घेतला तर कोणाच्या लक्षात येत नाही.

युनियन लागते ती इथे. न्यू यॉर्क राज्यात 1967 च्या टेलर कायद्यानं सरकारी नोकरांना संपाची बंदी आहे. एक दिवस संप केला तर दोन दिवसांचा पगार जातो. तेव्हा युनियनच्या हातात उरतात करार, कोर्ट आणि वट. ही वट नॉर्मन सीब्रुकइतकी कोणीच कमावली नाही. 1985 साली रक्षक म्हणून लागलेला हा माणूस दहाच वर्षांत करेक्शन ऑफिसर्स बेनेव्हलंट असोसिएशनचा अध्यक्ष झाला आणि 2016 पर्यंत त्या खुर्चीवरून हलला नाही. शहराची रेल्वे आणि बस चालवणाऱ्या एमटीएच्या संचालक मंडळावरही तो काही वर्षं होता. रक्षकावर चौकशी लागली की सीब्रुक कॅमेऱ्यापुढे हजर. आमच्या शेजाऱ्याच्या शब्दांत, "आम्हाला कोणी माणूस समजत नव्हतं, त्यानं समजायला लावलं." मला यात खोटं काही दिसत नाही.

मात्र ही वट कुठवर गेली, ते 18 नोव्हेंबर 2013 ला दिसलं. त्या दिवशी रायकर्सचा एक कैदी दोन रक्षकांविरुद्ध साक्ष द्यायला कोर्टात जाणार होता. सकाळी कैद्यांना नेणाऱ्या बस निघाल्याच नाहीत. गाड्या सुरक्षित नाहीत, असं युनियनचं म्हणणं. साक्षीदारासकट शेकडो कैद्यांच्या तारखा बुडाल्या. बेटाला पूल एकच, आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाव्या युनियनच्या माणसांकडे. शहर प्रशासन बेकायदा संपाची तक्रार घेऊन कोर्टात गेलं. सीब्रुकचं अध्यक्षपद शाबूत राहिलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचे वकील प्रीत भरारा यांनी (देवयानी खोब्रागडे प्रकरणामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं होतं) रायकर्सवरचा अहवाल काढला. अल्पवयीन कैद्यांना कसं मारलं जातं आणि नोंदी कशा दडपल्या जातात, हे त्यात होतं. तरीही सीब्रुक हलला नाही.

त्याला पाडलं ते पैशानं. युनियनचे 20 दशलक्ष डॉलर त्यानं प्लॅटिनम पार्टनर्स या गुंतवणूक फंडात घातले. त्यातले 15 दशलक्ष रक्षकांच्या निवृत्तीसाठी साठवलेले होते. बदल्यात 60,000 डॉलर रोख, फेरागामो कंपनीच्या बॅगेत घालून त्याच्या हाती आले. फंड बुडाला आणि 19 दशलक्ष गेले. जून 2016 मध्ये अटक झाली, तीही भरारांच्याच कार्यालयाकडून. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात, ऑगस्ट 2018 मध्ये, तो दोषी ठरला आणि पुढच्या फेब्रुवारीत 58 महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबर 2023 मध्ये न्यायाधीशांनी ती कमी करून त्याला सोडलं.

शेजाऱ्याला मी बसचा विषय काढून पाहिला. त्यानं खांदे उडवले. बॅगेचा विषय निघाला तेव्हा मात्र खुर्चीतून उठला, शिवी हासडली आणि स्वतःच्या फंडाचा हिशेब बोटांवर मांडू लागला. त्याचा राग समजतो, पण त्याचा क्रम मला पटत नाही. संघटना बलदंड असावी, चोवीस तास उभं राहणाऱ्या माणसाला तिच्यावाचून वाली नाही. पण सभासदांनी नेत्याला जाब विचारायची वेळ बॅगेच्या आधी येऊन गेली होती. ती कोर्टात न पोचलेल्या साक्षीदाराची होती, आणि तेव्हा कोणी विचारला नाही.

मे 2025 मध्ये फेडरल न्यायाधीश लॉरा टेलर स्वेन यांनी रायकर्सवर थेट न्यायालयाला जबाबदार असणारा बाहेरचा व्यवस्थापक नेमायचा आदेश दिला. 2022 या एका वर्षात शहराच्या तुरुंगांत 19 कैदी मेले होते.