मुरुमांच्या गोळ्या चालू असताना

मुरुमे वयात येताना येतात आणि जातात, असे म्हणून आपण घरात हा विषय सोडून देतो. पण ज्यांच्या चेहऱ्यावर, पाठीवर दुखऱ्या गाठी येतात आणि मागे खड्डे राहतात, त्यांना उपचार लागतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ पोटात घ्यायची जी औषधे देतात, त्यांपैकी दोन आपल्याकडे नेहमीची आहेत : डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन. दोन्ही गुणकारी आहेत. मात्र एका डॉक्टरांची गोळी चालू असल्याचे दुसऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसले, की घोटाळा होऊ शकतो.

पावसाळ्यातली एक गोष्ट

मुंबईत रस्त्यांवर पाणी साचले की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका सांगते. ते औषध बहुधा डॉक्सिसायक्लिनच असते. आता एखाद्या मुलाला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर ही दोन औषधे एकत्र घेणे टाळावे लागते. दोन्हींमुळे मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो आणि एकत्र घेतल्यास तो धोका वाढतो. जोराची डोकेदुखी, उलट्या, अंधूक किंवा दोन-दोन दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. दुर्लक्ष केले तर दृष्टी कायमची जाऊ शकते. अशी लक्षणे दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

म्हणून लेप्टोचे औषध टाळायचे, असे मात्र नाही. चालू गोळीचे नाव सांगितले की डॉक्टर दुसरे औषध निवडू शकतात.

लोहाची गोळी आणि डॉक्सिसायक्लिन

शाळेत मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची काही औषधे डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात कमी उतरते. लोहाची गोळी बंद करू नये. दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. मध्ये किती तासांचे अंतर हवे, ते डॉक्टरांना विचारावे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते. या औषधाने उन्हात कातडी लवकर भाजते. गरोदरपणी आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत.

लग्न ठरले असेल तर

लग्नाआधी चेहरा नितळ व्हावा म्हणून मुली उपचार सुरू करतात. आयसोट्रेटिनॉइन कित्येक महिने चालते. या काळात दिवस राहिले तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात गंभीर व्यंग येऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वी गरोदर नसल्याची तपासणी लागते. गोळी चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. लग्नाची तारीख डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी आणि होणाऱ्या नवऱ्यालाही हे माहीत असावे. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करते. ते चालू असेल तर तेही सांगावे.

याच कारणाने मुलगा असो वा मुलगी, गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करू नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते. जयंतीच्या रक्तदान शिबिरात उत्साहाने जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी काही

आयसोट्रेटिनॉइन 'अ' जीवनसत्त्वाच्याच कुळातले आहे. त्यामुळे 'अ' जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नयेत. जेवणातल्या पालेभाज्या, गाजर यांना हरकत नाही. यकृत आणि रक्तातली चरबी यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. दारू टाळावी. मन फार उदास राहू लागले तर लगेच कळवावे. गोरेपणासाठी मिळणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने आधी बरे वाटते आणि मग मुरुमे जास्त उसळतात.

आम्ही वाचकांना एवढेच सुचवतो : दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढे आणि चूर्णेसुद्धा, पिशवीत घालून न्या. मैत्रिणीची उरलेली गोळी घेऊ नका, आपली कुणाला देऊ नका. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर गोळ्या आणू नका.