खुणांनी धंदा होतो, कर्ज मिळत नाही

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. पत्रा ठोकण्याचा आणि पॉलिशच्या चाकांचा आवाज असा की तिथे चांगल्या कानांचाही फारसा उपयोग नसतो. चहा किती सांगायचे, टेम्पो आला का, हा माल कुठे लावायचा, हे सगळे हातांनीच चालते. अशा ठिकाणी एखादा कामगार कर्णबधिर असला तर नव्या माणसाला ते चटकन कळतही नाही. उलट बाकीच्यांपेक्षा त्याचे हात अधिक नेमके बोलतात.

अॅनेलीस कुस्टर्स ही बेल्जियमची मानववंशशास्त्रज्ञ. ती स्वतः कर्णबधिर आहे. तिने मुंबईत राहून बराच अभ्यास केला. लोकलच्या अपंगांसाठी राखीव डब्यात कर्णबधिर मंडळी ठरवून कशी भेटतात, एकमेकांना बातम्या आणि सल्ले कसे देतात, यावर तिने २००९ मध्ये लिहिले. पुढे २०१५ मध्ये ‘इशारे’ नावाचा माहितीपट केला. त्यात मुंबईतली सहा कर्णबधिर माणसे बाजारात, दुकानांत, प्रवासात ऐकणाऱ्यांशी कसा व्यवहार करतात ते दिसते. भाव विचारणे, घासाघीस करणे, ‘एवढ्याला नको’ म्हणून निघून जाण्याचा आव आणणे, सारे काही खुणांनी होते. आपल्या बाजारांत इतक्या भाषांची माणसे एकत्र येतात की खुणांची सवय सगळ्यांनाच असते. गुजराती दुकानदार आणि भोजपुरी गिऱ्हाईक यांच्यातही अर्धा सौदा हातांवरच होतो.

म्हणजे कर्णबधिर माणूस विकू शकतो, विकत घेऊ शकतो, कारागीर तर उत्तम होतो. मग अशा माणसांच्या मालकीचे धंदे इतके कमी का दिसतात? माझा जन्म बँकेच्या टेबलामागे गेला, त्यामुळे मला उत्तर तिथेच दिसते. भाव हाताने सांगता येतो. ‘घटत्या शिलकीवर व्याज’ हाताने कसे सांगायचे?

यावर बँकेतले ठरलेले उत्तर असते, “लिहून द्या ना त्यांना.” हा गैरसमज सुशिक्षितांत जास्त. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाने मराठी कधी ऐकलेलीच नसते. त्याची खरी भाषा खुणांची, आणि तिचे व्याकरण मराठीचे नाही की इंग्रजीचेही नाही. लिखित मराठी त्याला परभाषेसारखी शिकावी लागते, तीही ऐकण्याचा आधार नसताना. त्यात शाळांनी भर घातली. १८८० मध्ये मिलान इथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने ठराव केला की बहिऱ्या मुलांना ओठ वाचून बोलायलाच शिकवावे, खुणा नकोत. त्याच दशकात मुंबईत बहिऱ्यांची शाळा निघाली, आणि पुढची शंभर वर्षे आपल्याकडच्या बहुतेक शाळांत हात आवरायलाच शिकवले गेले. त्या ठरावाबद्दल अशाच जागतिक परिषदेने व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये. तोवर कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या, किंवा न शिकताच.

याचा परिणाम धंद्याच्या शब्दांवर झाला. एखाद्या शब्दाला सर्वमान्य खूण नसली की दुभाषे तो शब्द बोटांवर अक्षरे दाखवून सांगतात, तेही बहुधा इंग्रजीत. ‘गॅरंटर’ची नऊ इंग्रजी अक्षरे बोटांवर दाखवली, पण समोरच्याला मुळात तो शब्दच ठाऊक नसेल तर काय उपयोग? जामीनदार म्हणजे नुसती सही करणारा नव्हे, कर्ज थकले तर ज्याच्या दारात बँक जाते तो माणूस, हे कुणीतरी सांगावे लागते. ऐकणाऱ्या कर्जदाराला आम्ही ते तोंडी सांगत असू. कर्जाचे कागद इंग्रजीत, बारीक अक्षरांत. ते कोण वाचतो? खरे कर्ज टेबलापलीकडच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात समजते. कर्णबधिर माणसाला नेमकी ती पाच मिनिटे मिळत नाहीत. त्याच्याबरोबर भाऊ येतो. साहेब प्रश्न भावाला विचारतात, उत्तर भाऊच देतो, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे तो दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत बसतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

एक साधा हिशेब घ्या. एक लाख रुपये, बारा महिने, बारा टक्के. व्याज सरसकट मूळ रकमेवर लावले तर बारा हजार. घटत्या शिलकीवर लावले तर सहा हजार सहाशेच्या आसपास. दर एकच, फरक जवळजवळ दुपटीचा. सावकारी वळणाच्या कंपन्यांचे पोट यावरच चालते. मौज अशी की ही गोष्ट बोलून सांगण्यापेक्षा दाखवून जास्त चांगली कळते. नोटांची चवड, दर महिन्याला तिच्यातून काढलेली एक थप्पी, आणि उरलेल्या चवडीवरचेच व्याज. खुणांच्या भाषेत हे पाच मिनिटांच्या चित्रफितीत मावेल. बहुधा ऐकणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

असे काम अगदी झालेच नाही असे नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले, आणि २०२३ मध्ये अर्थव्यवहारातल्या अडीचशेहून अधिक शब्दांच्या खुणा प्रसिद्ध झाल्या. मुंबईतली इंडिया साइनिंग हँड्स ही संस्था खुणांच्या भाषेत बातम्या देते. शब्द मात्र सुट्या विटांसारखे असतात. जीएसटीची नोंदणी कधी करावी लागते, उधारी किती दिवसांची ठेवावी, चालू खाते आणि बचत खाते यांत फरक काय, ही घरे त्या विटांतून कुणीतरी बांधायला हवीत. ती बांधणारा स्वतः धंदा केलेला कर्णबधिर माणूस असेल तर उत्तमच.

कायदा बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे तेरावे कलम स्वच्छ सांगते की आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवण्याचा हक्क इतरांइतकाच दिव्यांगांना आहे. दिव्यांगांना कर्ज देण्यासाठी राष्ट्रीय महामंडळ १९९७ पासून आहे, मुद्रा योजना २०१५ पासून. पैसा आहे, हक्क आहे, पण दोन्हींची माहिती बोलून किंवा लिहूनच दिली जाते. शंका आली तर फोन करा, असे प्रत्येक माहितीपत्रकाच्या खाली छापलेले असते! कर्ज मंजूर होण्याआधी चौकशीचा फोन येतो, तो उचलायचा कुणी? आणि गल्ल्यावरच्या त्या छोट्या डबीचे काय, जी ‘पन्नास रुपये मिळाले’ म्हणून ओरडते? कर्णबधिर दुकानदाराला गिऱ्हाईक जातेवेळी फोनच्या पडद्यात डोके खुपसावे लागते. रक्कम दाखवणारा पडदा असलेल्या डब्या मिळतात. त्या त्याच्याकडे आपणहून पोचवाव्या, एवढे तरी बँकांना सुचायला हरकत नाही.

आपण कर्णबधिरांना नोकऱ्या दिल्या, हे कौतुकाचेच आहे. २००९ मध्ये ध्रुव लाकरा यांनी मुंबईत मिरॅकल कुरिअर्स काढली आणि पाकिटे पोचवण्यापासून ती लावण्यापर्यंतची कामे कर्णबधिर तरुण-तरुणींना दिली. २०१५ मध्ये पवईत निघालेल्या ‘मिर्ची अँड माइम’ उपाहारगृहात वाढपी कर्णबधिर होते आणि गिऱ्हाइके खुणा करून पदार्थ मागवत. पण दोन्हीकडे मालक ऐकणारे. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ मध्ये एका कर्णबधिर दांपत्याने ‘मोझेरिया’ हे पिझ्झाचे दुकान काढले, आणि वाढीसाठी भांडवल आले ते कर्णबधिरांच्याच एका संस्थेच्या निधीतून. तिथे कर्जाची बोलणी खुणांच्या भाषेत होऊ शकत होती, हे मला भांडवलापेक्षा मोठे वाटते. ब्रिटनमध्ये ‘अॅक्सेस टू वर्क’ योजनेतून, नोकरदाराप्रमाणेच, स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही दुभाष्याचा खर्च मिळू शकतो.

मीरा-भाईंदरला यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर वस्ती असलेले हे शहर आता आणखी वाढले आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा शासनाचा नियम आहे. त्या पैशातून आठवड्यातला एक दिवस, ठरलेल्या वेळी, पालिकेच्या कार्यालयात एक दुभाष्या आणि एक निवृत्त बँकवाला बसवता येईल. कर्जाचा अर्ज, जामीन, दुकानाचा परवाना, जीएसटी, एवढ्यावर सुरुवात पुरे. दुभाष्याला मानधन द्यावे लागेल, कारण ते शिकून मिळवलेले कौशल्य आहे. बँकवाले मात्र फुकट मिळतील. भाईंदर-मीरा रोडच्या सोसायट्यांत दर मजल्यावर आमच्यातला एक तरी निवृत्त सापडतो, आणि दुपारी त्याला काही काम नसते.